आईच्या अक्षरातल्या तीन चिठ्ठ्या

बाबा, आईची ती डबी अजून माझ्याकडे आहे. खोकल्याच्या गोळ्यांची, चपटी, पत्र्याची, तुम्ही दवाखान्यातून रिकामी झाल्यावर घरी आणलेली. झाकणावरचा रंग पार उडाला आहे आणि एका कडेला गंज धरला आहे. मी ती रोज उघडत नाही. पण फाल्गुन सरता सरता मोहाची फुलं पडायला लागली, सकाळच्या वाऱ्यावर तो गोड, आंबूस वास आला, की हात आपोआप फळीकडे जातो आणि अर्ध्यातून परत येतो. आता माझंही वय तुमच्यापुढे गेलं. तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्यापेक्षा मी आज तीन वर्षांनी मोठा आहे. तेव्हा आता सांगायला हरकत नसावी, असं मनाला समजावून बसलो आहे.

आईनं त्या चिठ्ठ्या लिहिल्या तो उन्हाळा मला आठवतो. लोकांच्या लग्नपत्रिका ती जपून ठेवायची. त्यांची कोरी बाजू तुम्ही दवाखान्याच्या कात्रीनं कापून द्यायचे, बोटभर रुंद पट्ट्या, आणि ती जमिनीवर पाट ठेवून, टाकाला शाई लावून एकेका पट्टीवर बायबलातलं एकेक वचन लिहायची. मग विडीसारखी गुंडाळी करून वर दोरा. आपल्या भागातल्या बायांचे हात तेंदूपानावर जसे चालतात, तसे तिचे त्या कागदावर चालायचे. रोज सकाळी प्रार्थनेनंतर एक चिठ्ठी काढायची, वाचायची आणि ती उशाखालच्या पिशवीत टाकायची. सगळ्या संपल्या की पुन्हा डबीत. आई गेल्यावर तुम्ही हा क्रम एक दिवस मोडला नाही. तुमची नजर अधू झाली होती. चिठ्ठी डोळ्यांपासून हातभर लांब धरून तुम्ही वाचायचे, आणि वाचून झाल्यावर अंगठा त्या अक्षरांवरून फिरवायचे. मला त्या वेळी वाटे, तुम्ही वचन वाचत नाही, आईचा हात हातात घेता.

मी मात्र त्या डबीकडे वेगळ्या डोळ्यांनी बघत होतो. माझी पहिली बदली सिरोंच्याकडे निघाली तेव्हा मी एका दिवसात तीनदा चिठ्ठी काढली होती, मनासारखी येईपर्यंत. तुम्ही बघितलं. तसे तुम्ही कधी चढ्या आवाजात बोलत नसत, त्या दिवशी बोललात. "हे का पंचांग हाय बे? मुहूर्त पाह्यतं का देवाच्या वचनात? तुले जे पायजे ते त्याच्या तोंडून वदवून घेतं? सैतानालेही शास्त्र तोंडपाठ होतं, मंदिराच्या टोकावर नेऊन येशूले तेच ऐकवलं त्यानं. येवढं ध्यानात ठेव, मास्तर." मी तेव्हा सव्वीस-सत्तावीसचा. शाळेत पोरांना कवितेला चाल लावून देणारा, ढगांकडे बघत हजेरी घेणारा. मला तुमचं बोलणं लागलं, पण कळलं नाही. कळलं असतं तर पुढचं झालं नसतं.

आई गेल्यानंतरचा तो उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. गडचिरोली जिल्हा नुकता वेगळा झाला होता, लोक अजून चुकून चांदा जिल्हाच म्हणत होते. तुम्ही दवाखान्यातल्या मलमपट्टीच्या नोकरीतून निवृत्त झालात आणि दर रविवारी तीन कोस जंगलातून त्या पाड्यावर जायला लागलात. तिथं विश्वासी, म्हणजे येशूला मानणारी, घरं सात. चर्चचे पाळकसाहेब वर्षातून दोनदा यायचे, बाकी सारं तुमच्यावर. एका खांद्यावर बायबलाची पिशवी, दुसऱ्यावर मलमाची. अर्ध्या वाटेवर तो कोरडा नाला, आणि नाल्याच्या पलीकडच्या काठावर ती म्हातारी. पाड्यावरची सगळ्यात आधीची विश्वासी. उन्हाळ्यात नाल्यात थेंब नसतो म्हणून ती दर रविवारी घरून भोपळ्याच्या तुंब्यात पाणी घेऊन तिथंवर यायची, येनाच्या झाडाखाली बसायची, आणि तुम्ही दिसलात की बसल्या जागेवरून ओरडायची, "आला वो माझा पाद्री, पाय घासत आला!" एकदा मी तुमच्यासोबत होतो. तिनं मला नखशिखांत न्याहाळलं आणि तुम्हाला म्हणाली, "हा तुमचा पोरगा का? चालून राह्यला का झोपून राह्यला?" तुम्ही हसलात. "तो कविता करून राह्यला, बाई." ती म्हणाली, "मंग आधी पाणी पाजा त्याले." तुंब्यातलं पाणी गार होतं, त्याला किंचित कडवट चव होती. ती चव मी अजून जिभेवर शोधतो.

एका शनिवारी सकाळच्या शाळेनंतर मी घरी आलो तर फॉरेस्टचा गार्ड ओट्यावर बसलेला. मोह वेचायला पहाटे वाकलेल्या माणसांना वाघिणीनं दोनदा धरलं होतं, एकदा नाल्याच्या अलीकडे, एकदा पलीकडे. त्याआधी दोन दिवस दवंडी झाली होती की एकट्यानं जंगलात जाऊ नये. मोह वेचण्याआधी झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्याचा निळा धूर त्या वर्षी कुठंच दिसत नव्हता. मोह तसाच पडून सडत होता आणि तो वास गावभर बसला होता, एखाद्या बंद खोलीत बसावा तसा. गार्ड म्हणाला, "बाबाजी, उद्या नका जाऊ. पंजे ताजे हायेत. मादी हाय, संग बच्चे असन." तुम्ही म्हणालात, "आपल्याले स्तोत्र येते ना बापा." तो म्हणाला, "मंग तेच ऐकवा तिले, झोपून जाईन." "तू झोपतं माह्या प्रवचनात, तं वाघीण काऊन नाई झोपणार?" तुम्ही दोघं हसलात. मी हसलो नाही. तुमची सून बाळंतपणाला गोंडपिपरीला, माहेरी. पहिलंच मूल. आई गेलेली. तुम्हीही गेलात तर त्या पोराला बघायला माझ्याकडून कोणी उरणार नव्हतं.

गार्ड उठून गेल्यावर मी तुम्हाला म्हटलं, एक रविवार सोडा. तुम्ही वांग्यांना पाणी घालायला मागच्या वाडीकडे निघाला होता. बादली खाली न ठेवता म्हणालात, "तिथी सात घरं वाट पाहून राह्यले. मेंढपाळ वाघाच्या भेवानं घरी बसला तं मेंढरांनी का करावं?" मी म्हटलं, दानीएलाला सिंहांच्या गुहेत लोकांनी टाकलं होतं, तो आपणहून चालत गेला नव्हता. तुम्ही थांबलात. मला वाटतं, तुम्हाला ते पटलं होतं. पण बोललात इतकंच, "सकाळी पाहू, डबी काय म्हणते ते." मला पंचांगावरून रागावलेले तुम्ही हे म्हणालात, बाबा. तेव्हा मला त्याचं नवल वाटायला हवं होतं. मला फक्त वाट सापडली.

मी शाळेत परत गेलो. वर्ग रिकामा. फळ्यावर सकाळी लिहिलेली कविता तशीच. आईच्या शिवणाच्या डब्यात कोऱ्या पट्ट्या उरल्या होत्या, त्यातल्या तीन खिशात होत्या. तीनच का, तर डबीतही त्या दिवशी तीनच चिठ्ठ्या उरल्या होत्या. आईचं अक्षर मला येत होतं. लहानपणी पाटीवर तिनंच गिरवून घेतलेलं. यशयाच्या पुस्तकातलं ते वचन मी निवडलं, जिथं प्रभू आपल्या लोकांना सांगतो की आपल्या खोलीत जा, दार लावून घ्या, कोप टळून जाईपर्यंत थोडा वेळ लपून राहा. तिन्ही पट्ट्यांवर तेच. पहिली लिहिताना दोनदा थांबलो, दुसरी एका दमात लिहिली, तिसरी लिहिताना मी, देवा क्षमा कर, एका कवितेची चाल गुणगुणत होतो. खिडकीबाहेर एकदम माकडं ओरडली आणि एकदम गप्प झाली. मग पानही हललं नाही. घरी येऊन, तुम्ही वाडीतच असताना, मी आईच्या तीन चिठ्ठ्या काढून घेतल्या आणि माझ्या तीन आत ठेवल्या.

रविवारी तांबडं फुटताना प्रार्थना झाली. तुमच्या दोन्ही पिशव्या खुंटीवर तयार होत्या, चपला दारात. तुम्ही डबीत बोटं घातली. चिठ्ठी उलगडली, लांब धरली, वाचली. मग पुन्हा वाचली. अंगठा फिरवला नाही. माझ्याकडे बघितलं नाही. बराच वेळ तुम्ही दाराबाहेर बघत राहिलात, जिथून वाट जंगलात शिरते. मग म्हणालात, "बरं." आणि पिशव्या खुंटीवरच राहिल्या. मी चुलीपाशी गेलो आणि चहात दुप्पट गूळ टाकला.

आठ वाजले, नऊ वाजले. तुम्ही ओट्यावर बसून होता, पाय हलवत. असे पाय हलवताना मी तुम्हाला कधी बघितलं नव्हतं. ऊन अंगणात आलं तेव्हा म्हणालात, "बाई नाल्यावर उभी असन." मी म्हटलं, "ऊन लागलं की जाईल घरी, बाबा." तुम्ही म्हणालात, "ते जाणारी नोहोय." निरोप पाठवायला हवा होता, सायकलवरून गटानं जाणारे मजूर होते, कोणीही नेला असता. ते मला सुचलं नाही. आजवर मी असंच सांगत आलो. खरं हे की सुचलं होतं. पण निरोप गेला असता तर उत्तर आलं असतं, आणि उत्तर आलं असतं तर तुम्ही उठला असता.

दुपारी पाड्यावरून दोघं एका सायकलवर आले. समोरचा उतरला, उभाच राहिला, तुमच्याकडे टक लावून. "तुम्ही हायेत, बाबाजी? घरीच हायेत?" मग खाली बसला. त्यानं सांगितलं ते असं. वाघिणीमुळे त्या दिवशी पाड्यावरचे काहीजण म्हातारीसोबत नाल्यावर आले होते, तुम्ही आला नाहीत म्हणून ते उन्हाच्या आधी परत फिरले. म्हातारीला म्हणाले, चाल. ती म्हणाली, "कवा चुकला का तो? पाय दुखून राह्यला असन, अर्ध्या वाटेत बसला असन. मी समोर जाऊन पाह्यतो." आणि तुंबा घेऊन नाला ओलांडून अलीकडे आली. तोवर ती नाल्याच्या अलीकडे कधी आली नव्हती. तिला शोधायला माणसं गेली तेव्हा वाटेत आधी तुंबा दिसला. दगडाला टेकून नीट उभा ठेवलेला, बूच लावलेला, भरलेला.

तुम्ही उठलात. मलमाची पिशवी घेतली, बायबलाची घेतली, चपला घातल्या. मी अडवलं नाही, सोबत आलो. त्याच वाटेनं, भर दुपारी, माणसं डबे वाजवत होती आणि तरी जंगल ऐकून घेत असल्यासारखं वाटत होतं. तुम्ही तिला आपल्या हातांनी धुतलंत, जिथं पट्टी बांधता येईल तिथं बांधलीत, जणू जखम भरणार होती. मग कोणीतरी तो तुंबा तुमच्यासमोर धरला. तुमचे ओठ फाटले होते, सकाळच्या चहानंतर तुम्ही पाणी घेतलं नव्हतं. तुम्ही बूच काढलं आणि सगळं पाणी हळूहळू जमिनीवर ओतलंत. लोकांना काही कळलं नाही. मला कळलं, कारण ती गोष्ट तुम्हीच मला मांडीवर सांगितली होती. दावीद राजाला बेथलेहेमच्या विहिरीचं पाणी प्यावंसं वाटलं, तीन शूर शत्रूच्या छावणीतून जीव धोक्यात घालून ते घेऊन आले, आणि त्यानं ते प्यायलं नाही. परमेश्वरापुढे ओतून दिलं, कारण ते पाणी नव्हतं, त्या माणसांचं रक्त होतं. मांडीवर ऐकताना मला दावीद वेडा वाटला होता. इतकं लांबून आणलेलं पाणी! त्या दुपारी ती कोरडी माती पाणी पीत होती आणि मी बघत होतो.

पुढच्या रविवारी तुम्ही गेलात. गार्ड दोन माणसं घेऊन सोबत आला, मीही आलो. नाल्यावर कोणी नव्हतं. तुमचं प्रवचन त्या दिवशी चार वाक्यांचं होतं. आदाम झाडांमागं लपला तेव्हा देवानं त्याला एकच गोष्ट विचारली, असं तुम्ही म्हणालात. "तू कुठी हायेस? लपलेल्याले देव आणखी काई विचारत नाई. मीबी मागल्या रविवारी लपलो होतो. माह्याजवळ उत्तर नाई." आणि बसलात. मला तेव्हा उठून बोलायला हवं होतं. जागा होती, वेळ होती, सात घरं समोर होती. मी चटईच्या काड्या मोजत राहिलो.

त्यानंतरची तुमची वर्षं मी मोजून बघितली नाहीत, पण डबीत तुम्ही पुन्हा हात घातला नाही, हे मी रोज बघितलं. "तू काढ, मास्तर," म्हणायचे, आणि मी वाचायचो, आणि तुम्ही डोळे मिटून ऐकायचे. तुमचा नातू डबीशी खेळायचा, तिचा खुळखुळ आवाज आला की तुम्ही मान फिरवायचे. वाघिणीचं पुढं काय झालं ते कळलं नाही. कोणी म्हणे, नागभीडकडे निघून गेली. पण मोहाच्या दिवसांत संध्याकाळी माकडं एकदम गप्प झाली, की तुम्ही आणि मी, दोघंही बोलता बोलता थांबायचो आणि एकमेकांकडे बघायचो नाही.

शेवटच्या आजारात तुम्हाला दिसायचं बंद झालं. एका दुपारी तुम्ही म्हणालात, "हात इकडे दे." मी दिला. तुम्ही बोटं चाचपलीत, मधल्या बोटावरचा टाकाचा घट्टा चाचपलात, बराच वेळ. मला इसहाक आठवला. आंधळा बाप, समोर थोरल्याचे कपडे घालून आलेला धाकटा, हातांवर करडाचं कातडं, आणि बापाचं ते वाक्य, की आवाज तर याकोबाचा आहे, पण हात एसावाचे आहेत. लहानपणी मला प्रश्न पडायचा की आवाज ओळखल्यावरही इसहाकानं आशीर्वाद कसा दिला. तुम्ही म्हणालात, "तुझं अक्षर तुझ्या आईसारखंच हाय. लयच सारखं." मग म्हणालात, "ते लिवत होती तवा मी कागद कापत होतो. एकन् एक चिठ्ठी मले पाठ होती. ते वचन त्यात नव्हतं." माझा हात तुमच्या हातात होता, तो मला काढून घेता येईना. मी कसंबसं विचारलं, "मग थांबलात काऊन, बाबा?" तुम्ही तोंड भिंतीकडे केलंत. म्हणालात, "मलेबी थांबाचंच होतं. भेव वाटून राह्यलं होतं आदल्या दिवसापासून. तुझी चिठ्ठी कामी पडली." मग थोड्या वेळानं, "त्या खऱ्या तीन कुठी हायेत?" मी म्हटलं, आहेत. "पाह्यल्या?" "नाही." "नको पाहू."

मी पाहिल्या नाहीत. दोरा तसाच आहे. त्यातल्या एकीवर त्या सकाळी तुमच्यासाठी काहीतरी होतं. कदाचित थांब असं असेल, कदाचित भिऊ नको असं असेल, कदाचित त्या दोन्हींचा काही संबंध नसलेलं, एखाद्या वंशावळीतलं, आईला आवडलेलं एखादं वचन असेल. इतकी वर्षं मी प्रार्थनामंदिरात, शाळेत, प्रवासात, सगळीकडे त्या तीन गुंडाळ्यांच्या भोवती फिरत आलो आहे. लोक मला विचारतात, मास्तर, देवावर भरवसा कसा ठेवायचा. मी त्यांना सांगतो तेच, जे तुम्ही सांगायचे. त्याच्या तोंडी आपले शब्द घालू नका. ते मान डोलावतात. त्यांना वाटतं, हे मी बायबलातून शिकलो.

पश्चात्तापाची प्रार्थना मी रोज करतो, बाबा. ओठ हलतात. त्याच्या पुढं काही हलत नाही, आणि त्याचं कारण मला ठाऊक आहे. तेवढं लिहितो आणि हा कागद घडी करून डबीखाली ठेवतो. डबीत तो मावायचा नाही, आणि तुम्हाला पाठवायचा तरी कुठल्या पत्त्यावर. सायकलवरून उतरलेल्या माणसानं त्या म्हातारीचं सांगितलं, तेव्हा मी आधी दाराकडे बघितलं. तुमच्या चपला तिथं होत्या. मी मनात म्हटलं, देवा, तुझे उपकार. अगदी पूर्ण वाक्य, सावकाश म्हटलं. तिची आठवण मला त्याच्यानंतर झाली.